आईचा गुडघा बदलला: हॉस्पिटलचा रिव्ह्यू आणि पेशंटने आधीच विचारून घ्यायच्या गोष्टी

सर्जनला ५ पैकी ५, वॉर्डमधल्या सिस्टरांना ४, बिलिंग काउंटरला २ आणि फिजिओथेरपी डिपार्टमेंटला फार तर १. एवढ्यात रिव्ह्यू संपतो खरं तर, पण गुडघ्याचं ऑपरेशन करायला निघालेल्या माणसाला या आकड्यांचा काय उपयोग, म्हणून सविस्तर लिहितेय. हॉस्पिटल पुण्यातलं आहे, मोठं आहे, नाव देत नाहीये कारण नात्यात आणि शेजारीपाजारी ज्यांची ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांच्याकडून ऐकलं तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. मला सांगायचंय ते हे की ऑपरेशन दीड-दोन तासाचं असतं, पण गुडघा चांगला चालणार की नाही हे बरंचसं त्याच्या आधीच्या महिन्या-दोन महिन्यात आणि नंतरच्या सहा-आठ आठवड्यात ठरतं, आणि नेमकं या दोन्ही काळाबद्दल पेशंटला समोर बसवून कोणी नीट सांगत नाही.

आई ६८ वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या गावात आयुष्य गेलं, चुलीपुढे उकिडवं बसून भाकऱ्या, उन्हातान्हात भांगलण, डोक्यावर ओझं. दोन्ही पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकलेले, उभी राहिली की दोन गुडघ्यांमध्ये मूठ जाईल एवढी फट. जिना चढताना एकच पाय पुढे टाकून दुसरा ओढत आणायची. शेवटी शेवटी रात्री कूस बदलताना पण जाग यायला लागली, तेव्हा तीच म्हणाली, आता बघा बाई काय ते.

इथे पहिली गोष्ट. ऑपरेशन कधी करायचं हे एकटा एक्स-रे ठरवत नाही. रिपोर्टवर ग्रेड ४, म्हणजे झीज शेवटच्या टप्प्यातली, असं लिहिलेलं असतं आणि लोक घाबरतात, पण ग्रेड ४ असून रोजची कामं व्यवस्थित करणारी माणसं असतात आणि त्यांना घाई करायची काही गरज नसते. दुखण्यामुळे झोप जातेय, चालणं घरापुरतं राहिलंय, गोळ्या-व्यायाम सगळं मनापासून करून झालंय आणि तरी फरक नाही, तेव्हा विचार करायचा. एक्स-रे मात्र उभं राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन काढलेला पाहिजे. झोपवून काढलेल्यात सांध्यातली फट चांगली दिसते आणि खरी झीज कळत नाही. एवढी झीज झाल्यावर एमआरआयची सहसा गरजच नसते, आमच्याकडून आधीच्या एका ठिकाणी तो पण काढून घेतला होता, सात-आठ हजार त्यातच गेले.

आणि ऑपरेशनच्या आधी जे करायचं ते खरंच करून बघा, नुसतं तोंडदेखलं नको. वजन १ किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम केला तर दुखणं बऱ्यापैकी आटोक्यात ठेवता येतं. झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला असेल आणि लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारे पट्टे, शाबूत असतील तर अर्धा गुडघा बदलायचं ऑपरेशन असतं, आणि पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस असेल, पाय वाकडा असेल तर हाड कापून पाय सरळ करतात, सांधा तोच ठेवतात, त्याला एचटीओ म्हणतात. हे पर्याय सगळ्यांना लागू पडत नाहीत, आईला नव्हतेच, पण डॉक्टरांनी तुम्हाला ते का लागू नाहीत हे सांगितलं पाहिजे. आमच्या सर्जननी सांगितलं, एक्स-रे दिव्यावर लावून, बोट ठेवून, आईला कळेल अशा मराठीत. त्याचेच ५ पैकी ५.

त्यांनी ऑपरेशन काय असतं तेही छान समजावलं. गुडघा बदलणं म्हटलं की आईच्या डोक्यात सगळा गुडघा काढून टाकतात आणि लोखंडाचा बसवतात असं होतं, गावात बहुतेकांच्या डोक्यात तेच असतं. प्रत्यक्षात किडलेल्या दातावर कॅप बसवतात तसंच आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नळीच्या हाडाचं वरचं टोक साधारण ८-१० मिलिमीटर तासतात, त्यावर धातूचे भाग बसवतात, बहुतेक वेळा बोन सिमेंटने चिकटवून, आणि मध्ये पॉलिएथिलिनची, म्हणजे खास कडक प्लास्टिकची गादी. वाटीच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवायची की नाही हे सर्जन आत बघून ठरवतात. बाकी स्नायू, बाजूची लिगामेंट, कातडी सगळं आपलंच. म्हणून तर नंतर व्यायाम लागतो. धातू बसवून देता येतो, स्नायूत ताकद कोण बसवून देणार.

सर्जनच्या खोलीतून बाहेर पडलो की काउन्सेलर नावाची एक मॅडम असते, तिच्याकडे पाठवतात. इथून पुढे सावध राहा. गोड बोलतात, चहा देतात, आणि पुढ्यात तीन पॅकेजचा कागद ठेवतात. साधं, प्रीमियम आणि रोबोटिक. मी समोर बसून सगळे प्रश्न विचारले आणि बरीचशी उत्तरं फिरवाफिरवीची मिळाली, म्हणून नंतर सर्जनना परत भेटून खात्री करून घेतली. रोबोटचं म्हणाल तर रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जनच करतो, ते यंत्र हाडाचा नकाशा दाखवतं आणि करवत ठरलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. त्याने भाग बसवण्यातली अचूकता वाढते हे खरं आहे. पण पेशंटला काही वर्षांनी चालताना, जिना चढताना मोठा फरक जाणवतो असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ज्याचा हात बसलाय, जो वर्षाला भरपूर गुडघे करतो असा सर्जन साध्या पद्धतीने करत असेल तर तुमचं काही बिघडत नाही. विचारायचंच असेल तर रोबोट आहे का हे नंतर विचारा, आधी विचारा की महिन्याला तुम्ही स्वतः किती गुडघे करता, आणि माझ्या आईचं तुम्हीच करणार ना की असिस्टंट.

तसंच ते सोनेरी गुडघ्याचं. जाहिरातीत सोन्यासारखा चकाकणारा सांधा दाखवतात, ३०-४० वर्षं टिकेल म्हणतात. तो सोन्याचा नसतो, धातूवर टायटॅनियम नायट्राइडसारखा एक कडक थर दिलेला असतो त्याचा तो रंग. निकेलसारख्या धातूची ॲलर्जी असलेल्यांना त्याचा विचार करतात. ज्याला ॲलर्जी नाही त्याने केवळ रंग बघून जास्तीचे पैसे भरावेत असं काही नाही. साधे गुडघे किती टिकतात? लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात २०१९ साली मोठा अभ्यास आला होता, त्यात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. हे साधेच गुडघे, कुठलंही सोनं न लावलेले. ६८ व्या वर्षी ऑपरेशन करणाऱ्या बाईला याहून जास्त काय पाहिजे?

आता पैसे. पॅकेज २ लाख ३० हजार सांगितलं, बिल झालं २ लाख ९० हजारांच्या पुढे. पॅकेजमध्ये काय नाही ते आधी लिहून घ्या, तोंडी नको. आमच्या पॅकेजमध्ये ऑपरेशनआधीच्या तपासण्या नव्हत्या, हार्टच्या डॉक्टरांची फी नव्हती, वॉकर नव्हता, जास्तीचा एक दिवस राहिलो तो नव्हता आणि कन्झ्युमेबल्स नावाखाली हातमोज्यांपासून ड्रेप्सपर्यंत एक लांबलचक यादी होती जी इन्शुरन्सने बरीचशी कापली. काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर म्हणे, मॅडम, सगळ्यांचं असंच असतं.

इम्प्लांटच्या किमतीचं मात्र बहुतेकांना माहितीच नसतं ते सांगते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या खात्याने, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. त्याआधी साधा कोबाल्ट क्रोमियमचा गुडघा दीड लाखाच्या पुढे लावायचे, त्याची मर्यादा ५४,७२० रुपये ठरली, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमची ७६,६००, वर जीएसटी वेगळा. हे तेव्हाचे आकडे, आताची मर्यादा एनपीपीएच्या साइटवर बघून जा. मुद्दा असा की इम्प्लांट त्याहून महाग लावता येत नाही, आणि हॉस्पिटलने बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायची असते, कंपनीचं नाव, ब्रँड, बॅच नंबर सकट. आमच्या पहिल्या बिलात नुसतं इम्प्लांट चार्जेस एवढंच होतं. मी नियमाचं नाव घेतल्यावर वीस मिनिटांत नवीन बिल आलं, सगळं लिहिलेलं. म्हणजे येतं सगळं त्यांना, मागावं लागतं.

आणखी एक वस्तू मागून घ्या. इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छोटे छोटे स्टिकर येतात, त्यावर भागाचं नाव, साइज, लॉट नंबर असतो. ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, ते केसपेपरवर चिकटवतात. त्यांचा एक सेट तुमच्या डिस्चार्ज फाइलमध्ये पाहिजे. आईच्या फाइलमध्ये चार आहेत, मांडीच्या हाडाचा भाग, नळीचा भाग, गादी आणि सिमेंट. वाटीचा भाग बसवला नाही म्हणून त्याचा नाही. उद्या पंधरा वर्षांनी नुसती गादी बदलायची वेळ आली तर दुसऱ्या सर्जनला आत काय बसवलंय हे त्या स्टिकरवरूनच कळणार. बिल हरवलं तरी चालेल, हे हरवू नका, मी तर मोबाइलमध्ये फोटो काढून भावाला आणि बहिणीला पण पाठवून ठेवलेत.

इन्शुरन्सचं थोडक्यात: बहुतेक पॉलिसींमध्ये गुडघेबदलाला दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो संपलाय का बघा. रूम रेंटची लिमिट असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली तर नुसता रूमचा फरक नाही, सर्जनची फी आणि ओटी चार्जेस पण त्या प्रमाणात कापतात, औषधं आणि इम्प्लांट तेवढी वाचतात. आईवडील ७० किंवा त्यापुढचे असतील तर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय, त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखापर्यंत आहे, फक्त हॉस्पिटल योजनेत आहे का आणि गुडघ्याचं ऑपरेशन त्यात घेतात का हे आधी फोन करून विचारा.

आता तयारीबद्दल, ज्याच्यावर हॉस्पिटलने आम्हाला एका ओळीचाही कागद दिला नाही. जे कळलं ते सर्जनकडून आणि भूलतज्ज्ञांकडून. शुगर असेल तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, साडेसात-आठच्या खाली आणल्याशिवाय तारीख घेऊ नका, कारण या ऑपरेशनमधली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे इन्फेक्शन. ते शंभरात एक-दोघांनाच होतं, पण ज्याला होतं त्याचे हाल बघवत नाहीत, कधी कधी बसवलेला सगळा सांधा काढून परत बसवावा लागतो. म्हणून दात किडलेले असतील तर आधी दाताच्या डॉक्टरकडे, लघवीत इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं करायचं, पायाला चिखल्या, भेगा, खरचटलेलं काही असेल तर ते आधी. आईच्या टाचांना भेगा होत्या, त्यासाठी सर्जननी तारीख पुढे ढकलली, आम्हाला तेव्हा विचित्र वाटलं पण बरोबर होतं ते.

आणि मिश्री. आमच्याकडच्या बायका सांगत नाहीत, डॉक्टर विचारतात सिगारेट-दारू आहे का, बाई म्हणते छे हो, आणि रोज दोन वेळा मिश्री लावत असते. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनचा धोका वाढतो. आईने महिना आधी सोडली, चिडचिड झाली, डोकं दुखलं, पण सोडली. तुमच्या घरात कोणी लावत असेल तर तुम्हीच डॉक्टरांना सांगा, त्या स्वतः सांगणार नाहीत.

तसंच गुडघेदुखीच्या त्या पुड्या. बाजारच्या दिवशी येणारा, किंवा कुठल्या तरी गावचा प्रसिद्ध, पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी बाई पळायला लागते. अशा बऱ्याच पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. वर्षभर घेऊन एकदम बंद केलं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी घसरू शकतं, शुगर वाढलेली असते, हाडं ठिसूळ झालेली असतात. डॉक्टरांसमोर पुडी घेऊन जा, लाजू नका. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर निदान तीन महिने ऑपरेशन करत नाहीत, हे पण इन्फेक्शनमुळेच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कुठली कधी बंद करायची हे हार्टवाल्या डॉक्टरांना विचारूनच, मनाने नाही.

घरात आम्ही काय केलं तर कमोड बसवून घेतला आणि त्याच्या बाजूला भिंतीत स्टीलचा दांडा. हे आधी करा, ऑपरेशन झाल्यावर प्लंबर शोधत फिरू नका. सतरंज्या, पायपुसणी सगळी गोळा करून माळ्यावर टाकली कारण वॉकर त्यात अडकतो. उंच आणि हात असलेली खुर्ची लागते, प्लास्टिकची चालते पण मजबूत पाहिजे. पलंग खाली असेल तर विटा लावून उंच करा.

ऑपरेशन कंबरेत भूल देऊन झालं, शिवाय मांडीत नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन, दिलं. पहिली रात्र आई मजेत होती, मला म्हणाली काहीच दुखत नाही गं. सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या दुपारनंतर ब्लॉक उतरला की दुखेल, तेव्हा सहन करत बसू देऊ नका, दुखायला लागायच्या आधीच सांगा. एवढी साधी गोष्ट, पण त्यांनी सांगितली म्हणून आम्ही तयार होतो. दुसऱ्या दिवशी खरंच दुखलं, चांगलंच दुखलं. वेदनारहित ऑपरेशन असं ज्या बोर्डांवर लिहिलेलं असतं ते काढायला लावले पाहिजेत. पेशंट त्या विश्वासाने जातो, मग दुखायला लागलं की त्याला वाटतं माझं काही तरी बिघडलं, आणि तो घाबरून पाय हलवायचा थांबतो, आणि तिथेच गुडघा आखडायला लागतो.

फिजिओला १ का दिला ते आता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी आली, घोटे वर-खाली करा, मांडी घट्ट करा म्हणाली, वॉकर देऊन आईला दारापर्यंत चालवलं आणि गेली. आई उभी राहिली हे बघून आम्हा सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं हे खरं, पण दहा मिनिटं पण झाली नव्हती. पुढचे दिवस तसेच, एक दिवस तर कोणी आलंच नाही, रविवार होता म्हणे. डिस्चार्जच्या वेळी हातात एक झेरॉक्स दिली, चित्रं पुसट, मजकूर इंग्रजीत. माझी आई चौथी शिकलेली, तिच्याबरोबर वॉर्डमध्ये बार्शीकडच्या एक मावशी होत्या, त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. अडीच-तीन लाखाचं ऑपरेशन आणि व्यायामाचा कागद मराठीत नाही! यापुढे पेशंटनी हे मागितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

घरी आल्यावर आम्ही आमच्या भागातल्या एक फिजिओ लावल्या, एका व्हिजिटचे ६००, आणि खरा ५ पैकी ५ त्यांना. पहिल्याच दिवशी त्यांनी पांढरं प्लास्टिकचं कोन मोजायचं साधन गुडघ्याला लावून बघितलं, वाकतो ६५ पर्यंत, आणि सरळ व्हायला १२ अंश कमी. तोपर्यंत आम्ही सगळे वाकण्याच्याच मागे होतो, किती वाकतो किती वाकतो. त्या म्हणाल्या वाकणं येईल हळूहळू, आधी पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, तो राहिला तर काकू जन्मभर लंगडतील. गुडघ्याखाली जी मऊ उशी ठेवलेली होती ती त्यांनी काढली, आराम वाटतो म्हणून सगळेच ठेवतात, पण त्याने गुडघा तसाच वाकडा राहतो. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली, गुडघ्याखाली मोकळी जागा, आणि म्हणाल्या, काकू, आता गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकवायचा प्रयत्न करा, दहा आकडे मोजेपर्यंत. आईची मांडी थरथरत होती, ओठ घट्ट मिटलेले, आठ म्हणताना आवाज गेला. मग बाईंनी आपला हात गुडघ्याखाली सरकवला आणि म्हणाल्या, माझा हात दाबा, बस. दाबला. रोज तो हात थोडा थोडा जास्त दाबला जायला लागला, आणि दीड महिन्यात पाय जवळजवळ सपाट झाला आणि वाकणं ११० च्या पुढे गेलं.

त्यांच्याकडून शिकलेलं आणखी काही. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, नंतर नाही. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, शेक अजिबात नाही, तेलमालीश जखमेवर अजिबात नाही, आणि गावाकडून हळदीचे लेप घेऊन येणाऱ्या आत्यांना दारातच प्रेमाने थांबवायचं. थोडा थोडा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, एकदाच तासभर नको. चालणं आणि व्यायाम वेगळे, मी रोज दोन किलोमीटर चालते म्हणून व्यायाम नको असं चालत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पहिला महिना झोप लागत नाही, हे कोणी सांगत नाही, आई रात्री दोन वाजता उठून बसायची, रडायची पण, म्हणायची उगाच केलं. हे बहुतेकांना होतं आणि जातं. घरच्यांनी या दिवसांत तिच्याजवळ बसायचं, चिडायचं नाही.

गुडघा गरम लागणं आणि सूज तीन-चार महिने, कधी सहा महिने राहते, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर राहते कारण तिथली बारीक नस कापली जाते, आणि चालताना कधी टकटक आवाज येतो, धातू आणि प्लास्टिकचा. हे सगळं नॉर्मल. नॉर्मल नाही ते हे: पोटरी एकदम सुजली, दाबली की दुखली, धाप लागली, छातीत दुखलं, मग एक मिनिट थांबू नका, पायात रक्ताची गाठ झालेली किंवा ती फुप्फुसात गेलेली असू शकते. त्यासाठीच रक्त पातळ करायची गोळी दिलेली असते, ती बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायची नाही. आणि जखमेतून आठवड्यानंतर पण पाणी येत असेल, थंडी वाजून ताप असेल तर सरळ सर्जनकडे. गल्लीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेऊन बघू असं करू नका, त्याने वरवर बरं वाटतं आणि आतलं इन्फेक्शन झाकलं जातं, मग तपासणीत जंतू पण सापडत नाहीत.

अपेक्षांचं पण बोलते. साधारण पाचातला एक पेशंट ऑपरेशन व्यवस्थित होऊनसुद्धा पूर्ण समाधानी नसतो, हे जगभरात दिसलेलं आहे. दुखणं जातं, पाय सरळ होतो, चालणं, जिना, एसटीत चढणं जमतं. मांडी घालून जमिनीवर बसणं काहींना जमतं पण रोज नको म्हणतात, उकिडवं बसणं तर सोडाच. आईला याचंच जास्त वाईट वाटलं, चुलीपुढे बसता येणार नाही म्हणून. आता ओट्याशी उंच स्टूलवर बसून थापते भाकऱ्या. देवळात खुर्ची मागायला लाजते अजून. विमानतळावर मशीन वाजणार, तेव्हा गुडघा बदललाय असं सरळ सांगायचं, डिस्चार्ज कार्डाचा फोटो असू द्या.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का, हा प्रश्न काउन्सेलरने तर जवळजवळ ठरवूनच टाकला होता, डिस्काउंट पण देत होती. एकदम केले की एकच भूल, एकच सुट्टी, पण हृदयावर ताण जास्त, रक्त जास्त जातं, आणि टेकायला चांगला पाय उरत नाही. तब्येत धडधाकट असेल तर करतात, सत्तरीकडे झुकलेल्या, बीपी असलेल्या बाईला आमच्या सर्जननी स्पष्ट नको सांगितलं. वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईला ब्रीच कँडीत बदलले होते, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते, ते सुद्धा एकदम नाही केले, डावा २००० मध्ये आणि उजवा २००१ मध्ये. आईला हे सांगितलं आणि मग तिची शंका मिटली.

आईचा उजवा राहिलाय. तो त्याच सर्जनकडे, त्याच हॉस्पिटलमध्ये करणार आहोत, दिवाळीनंतर, टाचेच्या भेगा भरल्या की. पॅकेजमध्ये काय येतं आणि काय नाही ते या वेळी त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेणार, वॉकर जुनाच वापरणार, आणि घरच्या फिजिओबाईंना ऑपरेशनच्या महिना आधीपासूनच बोलावलंय, मांडीची ताकद आधी वाढवून ठेवायला.